पुंजाजींच्या मोटारीचं डावं शीट

पुंजाजींची मोटार विकायला होती, आणि ती कुणी विकत घेऊ नये याची तजवीज पुंजाजींनी स्वतः जातीनं केलेली होती.

ही पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली हकीकत. वाशीमहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमची वाडी. मी तिथल्या शाळेत मास्तर. चार वर्ग, एक खोली आणि एक मी. शाळेच्या कुंपणाला लागून पुंजाजींचा मळा. वांगी, मिरची, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर; थोडक्यात माणूस भाजीवाला. आणि या भाजीवाल्याच्या गोठ्यात, दोन बैलांच्या शेजारी, एक विलायती मोटार उभी असे. लांब नाकाची, ठेंगणी, उघडी, आणि शिटं दोनच. छप्पर नावाला नाही. मूळचा रंग हिरवा होता म्हणतात. मी पाहिली तेव्हा ती शेण आणि धूळ यांच्या मधल्या कुठल्यातरी रंगाची झाली होती. बैल तिच्या दिव्याला अंग घासत आणि पुंजाजी ते कौतुकानं पाहत.

ही मोटार आली कशी, ते वाडीत कुणालाही विचारा, हसल्याशिवाय सांगता येत नसे. साहेब लोक बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाले, तेव्हा अकोल्याला कुण्या इंजिनियर साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात विहिरीवर बसवायचं तेलाचं इंजिन आहे असं पुंजाजींच्या कानावर आलं. मोट ओढून बैल थकले होते, म्हणून पुंजाजी इंजिन आणायला गेले. तिसऱ्या दिवशी मोटारीत बसून परत आले. मागं धुरळ्याचा लोट, पुढं पळणारी कुत्री, आणि मधे पुंजाजी, डोक्यावरचं पागोटं मांडीखाली दाबून.

"अन् इंजिन?" भागाकाकूंनी दारातूनच विचारलं. भागाकाकू म्हणजे त्यांच्या मंडळी.

"इंजिनच तं आणलं!" पुंजाजी म्हणाले. "त्याले चार चाकं हाईत, हा काय माहा गुन्हा हाय?"

त्या दिवसापासून भागाकाकूंनी त्या वस्तूला मोटार असं कधी म्हटलं नाही. इंजिनच म्हणायच्या, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. "तुमचं इंजिन धुतलं काय?" "इंजिनावर कोंबडी बसली हाय, हाकला." आणि पलीकडे विहिरीवर बैलांची मोट कुरकुरत चालूच.

पुंजाजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी म्हटलं, काकाजी, तुमच्या मोटारीत पोतं मावत नाही, बाजारात पोचायला सर्व्हिसची मोटार बरी, की ते हात वर करत. "बावा, ही पोचाची मोटार नाई. ही जाची मोटार हाय." म्हणजे पोचायचं असेल तर चालत पोचा, सर्व्हिसच्या बसनं पोचा, आम्हाला काय त्याचं? ही फक्त जाण्यासाठी आहे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, जाणारा माणूस कुठंतरी पोचतोच की." त्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तरुण पोरांवर त्यांचा फार राग. "आजकालच्या पोट्ट्यायले आवड राह्यली नाई, मास्तर. हवा नको त्यायले, गादी पाह्यजे. आमच्या जवानीत पोट्टा दमणीत बसे." दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, ओझ्याची नव्हे, माणसानं मिजाशीत हाकायची. "दमणीत एक माणूस, लय झालं तं दोन. बैल उधळले का टोपी मागं अन् माणूस समोर! आता पाहा. जीप मांगतात. जीप! बारा जन आंदर, अन् सारे ऐकामेकाच्या मांडीवर. त्याले का जवानी म्हणाव?"

मोटारीचं उजवं शीट, म्हणजे हाकणाऱ्याचं, पार फाटलेलं होतं. त्यावर बारदानाचा तुकडा शिवलेला. डावं शीट मात्र नवं कोरं. लाल चामडं, रोज तेलाच्या बोळ्यानं पुसलेलं, त्यावर कधी माणूस नाही की वांग्याची टोपली नाही. टोपली खाली पायापाशी. आणि माणूस? माणूस दाराखालच्या फळीवर उभा! मी चार वर्षं पुंजाजींबरोबर वाशीमच्या बाजाराला मोटारीनं गेलो, पण बसून एकदाही गेलो नाही. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्या हातानं टोपी. शाळेचा मास्तर माणूस मी, पण बाजारात शिरताना माझं धोतर निशाणासारखं फडफडत असे. एकदा मी चिडून म्हटलं, "काकाजी, शीट रिकामं आहे, मी उभा का?" तर म्हणाले, "तूच सांग, तू काहून बसशीन?"

दुसरी एक सवय. मळ्यातून निघताना मोटार आधी घराच्या दारासमोर उभी करायची, रबरी भोंगा तीनदा दाबायचा आणि उगाच थोडं थांबायचं. मग निघायचं. रोज. मला वाटे, कोंबड्या चाकाखाली येऊ नयेत म्हणून. कोंबड्यांची एवढी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर अशी ही मोटार पुंजाजींनी विकायला काढली. कारण विचारलं तर म्हणाले, "मी आता साठीले आलो. हिले जवान माणूस पाह्यजे. मी मेल्यावर भंगारवाल्यानं नेली तं माहा जीव भुताटकीत फिरन." माझं अक्षर बरं म्हणून पाटी माझ्याकडून रंगवून घेतली. मजकूर त्यांचा:

मोटार विकणे आहे.
घेणारा पंचविशीच्या आतला पाहिजे.
छप्पर मागू नये.
पोती किती मावतात ते विचारू नये.

"आणि किंमत?" मी ब्रश हातात धरून विचारलं.

"किंमत मंग पाहू. पयले माणूस पाहू."

मग ती पाटी त्यांनी विहिरीकडच्या कडुलिंबाला टांगली. रस्त्यावरून तिचा कोपरासुद्धा दिसत नसे. मी म्हटलं, अहो, लोकांना कळणार कसं? तर म्हणाले, "ज्याले खरी गरज हाय तो आंदर येईन."

आणि गंमत म्हणजे, लोक आले.

पहिला आला तो रिसोडच्या एका अडत्याचा मुलगा. पांढरंशुभ्र धोतर, मनगटाला घड्याळ. त्यानं मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, तिच्या लांब नाकावर टिचकी मारून पाहिली आणि नेमकं विचारलं, "तुरीचे पोते किती बसतीन?" पुंजाजींनी पाटीकडे बोट दाखवलं. तो वरमला. मग पुंजाजींनी त्यांचा तो एकच प्रश्न टाकला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच प्रश्न. परीक्षेचा पेपरच म्हणा ना.

"बाजूले कोण बसन?"

"मुनीम," पोरगा म्हणाला.

"मुनीम?" पुंजाजींचा आवाज चढला. "अशी हवा लागून राह्यली, केस उडून राह्यले, अन् बाजूले मुनीम? जाय बावा, तू दुकानात बस."

दुसरा शेलूबाजारचा. त्यानं कुठंतरी लष्करातून निकालात निघालेली जीप पाहिली होती, तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. जीप मिळेना, म्हणून इकडे आला. म्हणाला, "काकाजी, घेतो मी. मागचा हा भाग कापून टाकू, फळ्या ठोकू. बारा शिटा आरामात. शेलूबाजार ते मंगरुळ, खेपा टाकत जाईन." पुंजाजींनी हात धरून त्याला शांतपणे बैलांकडे नेलं. थोरल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याचं बी मागचं कापून पाह्य. बारा जन बसतीन." तो शेलूबाजारचा पोरगा चहाला न थांबता गेला.

तिसरं गिऱ्हाईक मात्र असं आलं की मला वाटलं, सुटलो! नवरदेव मुलगा, लग्न पंधरा दिवसांवर. बापासोबत आलेला. पोरगा हाकणाऱ्याच्या शिटावर बसला मात्र, त्याचं तोंड असं उजळलं की बापाच्या मिशीखालीही हसू आलं. पुंजाजींनी हँडल मारलं, इंजिन धडधडलं, पोरानं मळ्याच्या वाटेनं बांधापर्यंत मोटार नेली आणि आणली. पुंजाजी फळीवर उभे, डोळे मिटून. खाली उतरले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"बाजूले कोण बसन, बेटा?"

"करवली," बाप मधेच म्हणाला. खरंच आहे, वरातीत नवरदेवाशेजारी बहीणच बसायची, ती रीतच.

"हाव, जाताना करवली. अन् लगन लागल्यावर, येताना?"

बापाला प्रश्नच कळेना. "येताना बी करवलीच. नाईतं रुसन ना ते."

"अन् नवरी?"

"नवरी बायामंडळीसंगं. तिची पाठराखीण राह्यते संगं, शिदोरी राह्यते. मागून सर्व्हिसच्या मोटारीत येईन ते."

पुंजाजींनी पोराकडे पाहिलं. "म्हणजे तू समोर हवा खाशीन, अन् ते मागून तुहा धुरळा खाईन?"

पोरगा खाली मान घालून हसला. त्याची इच्छा काय होती देव जाणे. बापासमोर बोलायची टाप नव्हती. "उतर," पुंजाजी म्हणाले. बाप भडकला. चार लोकांत अपमान केला म्हणून वाडीभर बोंबलत गेला.

त्या दिवशी मीही सोडलं नाही त्यांना. "काकाजी, तुम्हाला विकायची आहे की नाही? एवढा चांगला पोरगा घालवलात! त्याची बायको कुठं बसते, तुम्हाला करायचं काय?"

"तुले नाई समजणार मास्तर. तुहं लगन नाई झालं."

त्या काळात ते माझं दुखणंच होतं.

मग एके दिवशी, आठवडी बाजाराच्या सकाळी, एक सायकल आली.

मी आणि पुंजाजी वांग्याच्या टोपल्या भरत होतो. वाडीत शिरायची वाट एकच, आणि ती पारावरून जाते. लिंबाखालचा मोठा दगडी पार. जुन्या काळी तिथं वाडीतले म्हातारे बसत आणि लेकी-सुनांना तिथून जायचं म्हणजे गाडीतून उतरायचं, पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि भिंतीच्या कडेनं चालत जायचं. आजारी बाईसुद्धा उतरून जायची. तर त्या पारावरून एक सायकल सरळ आली. हाकणारा बाविशीचा पोरगा, आणि पुढच्या दांड्यावर, त्याच्या दोन हातांच्या मधे, त्याची बायको! पदर खांद्यावर, पायात चपला, आणि ती मान वळवून त्याला काहीतरी सांगत होती आणि दोघं हसत होते. पुंजाजींच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

पोरगा वाशीमच्या कापसाच्या जीनमधला फिटर. वसंत त्याचं नाव, बायको कमल. विलायती इंजिन कसं असतं ते पाहायला मिळेल का, म्हणून आला होता. पुंजाजींनी झाकण उघडून दिलं, पण त्यांचं लक्ष इंजिनात नव्हतंच. वसंत डोकं घालून आत पाहत होता, तेवढ्यात त्यांनी विचारून टाकलं, "बेटा, ही मोटार तुह्यी झाली तं बाजूले कोण बसन?"

वसंत काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "मी बसीन. अजून कोण?"

अहो, मी टोपली ठेवून उभाच राहिलो! एवढ्या गिऱ्हाइकांत पहिल्यांदा कुणी पास झालं होतं. पुंजाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं खोकले आणि म्हणाले, "ने. आजच्या आज ने. जे देशीन ते दे."

वसंतनं हात पुसले. मग तो ओशाळून म्हणाला, "काकाजी, मोटार एक नंबर हाय. पण मले नको."

"काहून? आवडली नाई?"

"आवडली ना. पण याचा आवाज भल्ला मोठा हाय. सायकलवर बसलं का ही माह्या कानाशी बोलत राह्यते. घर येईपर्यंत. तुमच्या मोटारीत मले एक शब्द ऐकू नाई येणार."

मला वाटलं, आता पुंजाजी भडकणार. पोट्ट्यांना आवड नाही, हवा नको, सगळा पाढा म्हणणार. पण ते नुसते मान हलवत राहिले. "हाव," म्हणाले. "हेबी खरं हाय." मग जरा वेळानं कमलला म्हणाले, "घेऊ नको बाई. पण एक डाव बस तं खरी. कोणी बसलंच नाई त्या शिटावर आजपर्यंत."

कमलनं ते लाल चामडं पाहिलं. त्याच्यावरून बोट फिरवलं. मग विहिरीवर मोटेपाशी उभ्या असलेल्या भागाकाकूंकडे वळली. "मी कशी बसू? काकूंचं शीट हाय हे. काकू, तुमी नाई बसल्या कधी?"

मोट थांबली. बैल उभे राहिले.

"आणली तवा बसा म्हणे हे," भागाकाकू म्हणाल्या. "तवा मामाजी पारावर बसत. सासऱ्यासमोरून उघड्या मोटारीत, नवऱ्याच्या मांडीले मांडी लावून जाऊ का मी? मामाजी म्हणे, सून अशी गेली तं माह्या मेल्यावर जाईन. मंग राह्यलं."

"आता कोण बसते पारावर?"

"आता?" भागाकाकूंनी विचार केला. "आता बकऱ्या बसतात."

"मंग?"

"मंग काय मंग? मामाजी जाऊन पाच सालं झाले. माणसानं तोंडानं म्हटलं तं पाह्यजे ना, का चाल म्हणून. हे दारासमोर भोंगा वाजवतात अन् चालले जातात. भोंग्याले मी काय उत्तर देऊ?"

हात्तिच्या! म्हणजे त्या तीन भोंग्यांचा अर्थ कोंबड्या नव्हता तर! मी पुंजाजींकडे पाहिलं. साठीचा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा लाल झाला होता. पाच वर्षं रोज हा माणूस दारात थांबून वाट पाहत होता, आणि ती बाई आत उभी राहून वाट पाहत होती, आणि मधे मी मूर्ख, फळीवर उभा.

"मले वाटे, तुले समजते," पुंजाजी पुटपुटले.

"समजत होतं. म्हणून तं राग येत होता."

शेवटी पुंजाजींनी पागोटं काढलं, हातात धरलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "चालतं काय मंग बाजाराले?"

भागाकाकू घरात गेल्या. चांगला पाव तास गेला. बाहेर आल्या तेव्हा अंगावर सणाचं हिरवं लुगडं होतं आणि पायात वहाणा. आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "काढा इंजिन. बाजार उठून जाईन. वांगे पोचवाचे हाईत मले."

पोचवायचं म्हटल्या, आणि पुंजाजींनी आपलं ते वाक्य म्हटलं नाही! टोपली उचलून पायापाशी ठेवली, डावं दार उघडून धरलं. मी सवयीनं फळीकडे सरकलो, तर कमलनं माझी बाही धरून मला मागं ओढलं. वसंतनं हँडल मारलं. भागाकाकू त्या शिटावर अशा बसल्या की जणू शीट तापलेलं आहे; पाठ टेकेना, हात मांडीवर घट्ट.

आम्ही तिघं मळ्याच्या फाटकात उभे राहून पाहत होतो. मोटार पारापाशी आली आणि थांबली. भागाकाकू उतरल्या. वहाणा काढून हातात घेतल्या, पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीच्या कडेनं, खाली मान घालून, त्या रिकाम्या पारासमोरून चालत गेल्या. पारावर दोन बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. पुंजाजी दहा पावलं मागं, मोटार मुंगीच्या चालीनं आणत होते. पुढं म्हणून काढली नाही. पार संपला तशा त्यांनी वहाणा घातल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा शिटावर जाऊन बसल्या. मग मोटार रस्त्याला लागली. कमल डोळे पुसत होती आणि वसंत तिला हसत होता, आणि मी उगाच टोपी झटकत होतो.

दिवस कलता कलता मी शाळेच्या दारात पोरांच्या पाट्या तपासत बसलो होतो, तेव्हा रस्त्यावरून ओळखीची धडधड ऐकू आली. पाहतो तो मोटार धुरळा उडवत येत होती. भागाकाकू शिटाला पाठ टेकून बसल्या होत्या, रिकामी टोपली मांडीवर. पदर खांद्यावर आला होता, अंबाडा सुटून पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, आणि त्या पुंजाजींच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होत्या. पार आला. मोटार थांबली नाही. बकऱ्या उड्या मारून पळाल्या.

मळ्यात मोटार उभी राहिली तसा मी धावत गेलो. भागाकाकू केस बांधत घरात गेल्या होत्या.

"काकाजी," मी विचारलं, "येताना पारापाशी थांबवली नाही तुम्ही?"

"मी थांबवून राह्यलो होतो ना," पुंजाजी म्हणाले. तोंडभर धुरळा होता आणि त्या धुरळ्यात ते हसत होते. "तं तुही काकू म्हणे, कायले?"

एवढं सांगून ते बैलांना पाणी दाखवायला गेले. मी विहिरीकडच्या लिंबाखाली गेलो आणि ती पाटी उतरवून घेतली.